एचआयव्हीचे दोन रिपोर्ट दोन गोष्टी सांगतात तेव्हा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबचा रिपोर्ट ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आला. घाबरून दुसऱ्या दिवशी शाहूपुरीतल्या लॅबमध्ये रक्त दिलं, तर तिथे ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’. अशा वेळी बहुतेक जण तिसरी लॅब गाठतात आणि दोन विरुद्ध एक अशी मतमोजणी करतात. तसं करू नका. तीन लॅबमध्ये तीन वेगळ्या तपासण्या झालेल्या असू शकतात आणि प्रत्येक तपासणी रक्तात वेगळी गोष्ट शोधते. रिपोर्ट जुळवायचे असतात ते तारखा आणि तपासणीचा प्रकार समोर ठेवून. एवढं केलं की बऱ्याच वेळा विरोधाभास उरतच नाही. उरलाच, तर पुढे नेमकं काय करायचं ते ठरलेलं आहे.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. जोखमीचा प्रसंग होऊन ७२ तास उलटले नसतील, तर पुढचं नंतर वाचा आणि आत्ता डॉक्टरांकडे जा. प्रसंग म्हणजे निरोधशिवाय किंवा निरोध फाटून झालेला संबंध, वापरलेली सुई टोचणं, एकाच सिरिंजने नशा करणं, किंवा लैंगिक अत्याचार. संसर्ग रोखण्याची औषधं, म्हणजे पेप, ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात आणि पहिला डोस जितका लवकर तितकं बरं. पहिल्या दोन तासांत मिळाला तर उत्तम. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सीपीआरला, रात्री किंवा रविवारी ओपीडी बंद असली तरी अपघात विभाग उघडा असतो. ‘पेपसाठी आलो आहे’ असं स्पष्ट सांगा. द्यायचं की नाही ते डॉक्टर प्रसंग पाहून ठरवतील, पण तपासणीच्या रिपोर्टसाठी पहिला डोस अडवून ठेवायचा नसतो.

सगळं एका कागदावर आणा

मोबाइलवर आलेले पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो, घडी पडलेले कागद हे सगळं एका जागी घ्या. एका कोऱ्या कागदावर सगळ्यात वर जोखमीच्या प्रसंगाची तारीख लिहा. एकापेक्षा जास्त प्रसंग असतील तर शेवटच्या प्रसंगाची तारीख धरा. मग प्रत्येक रिपोर्टसाठी एक ओळ करा: रक्त कधी दिलं, प्रसंगापासून तो कितवा दिवस, तपासणीचं पूर्ण नाव, निकाल, आणि आकडा दिला असेल तर आकडा.

इथे दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. रिपोर्टवर रक्त घेतल्याची तारीख आणि रिपोर्ट छापल्याची तारीख वेगवेगळ्या असतात; आपल्याला पहिली हवी. नमुना पुण्या-मुंबईच्या लॅबला पाठवला असेल तर दोन्हींत दोन-तीन दिवसांचं अंतर पडू शकतं आणि तेवढ्याने अर्थ बदलतो. दुसरं म्हणजे तपासणीचं नाव. वर नुसतं ‘एचआयव्ही १ व २’ असतं आणि पद्धत खाली बारीक अक्षरात: रॅपिड, इम्युनोक्रोमॅटोग्राफी, एलायझा, क्लिया, ईक्लिया, चौथी पिढी, पीसीआर. कुठेच दिसत नसेल तर लॅबला फोन करून विचारा, ‘पद्धत कोणती? फक्त अँटिबॉडी पाहता की पी२४ अँटिजेनही?’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

या कागदावर अजून तीन नोंदी हव्यात. पेप किंवा प्रेपच्या (संसर्ग टाळण्यासाठी प्रसंगाआधीपासून घ्यायच्या) गोळ्या घेतल्या का, आणि शेवटची गोळी कधी घेतली. गेल्या महिन्याभरात कुठली लस घेतली किंवा ताप येऊन गेला का. गर्भवती आहात का. त्या का, ते पुढे येईलच.

कोणती तपासणी काय शोधते आणि कधीपासून

संसर्ग झाल्यावर रक्तात गोष्टी एका क्रमाने दिसू लागतात. आधी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, मग त्याच्या आतलं पी२४ नावाचं प्रथिन, आणि शेवटी आपल्या शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी. आरएनए शोधणारी पीसीआर साधारण १० ते ३३ दिवसांत संसर्ग पकडते. शिरेतून रक्त घेऊन मशीनवर होणारी चौथ्या पिढीची तपासणी पी२४ आणि अँटिबॉडी दोन्ही पाहते. ती १८ ते ४५ दिवसांत पकडते. फक्त अँटिबॉडी पाहणाऱ्या तपासण्यांना, म्हणजे बोटातून रक्त घेऊन कार्डावर होणाऱ्या बऱ्याचशा रॅपिडना, २३ ते ९० दिवस लागतात.

या दोन आकड्यांतला पहिला म्हणजे सगळ्यात लवकर दिसू शकेल तो दिवस. त्या दिवशीचा निगेटिव्ह निकाल भरवशाचा नसतो. दुसरा आकडा उलटल्यावर आलेला निगेटिव्हच पक्का. ‘डॉक्टर म्हणाले ४५ दिवस पुरेत, सरकारी केंद्रात म्हणाले तीन महिन्यांनी परत या, मग खरं कोण?’ हा प्रश्न सतत विचारला जातो. दोघंही खरं सांगत असतात. डॉक्टरांच्या मनात मशीनवरची चौथी पिढी असते, केंद्रात रॅपिड किट असतं.

आता तुमच्या कागदाकडे पाहा. २२व्या दिवशीची रॅपिड निगेटिव्ह आणि २६व्या दिवशीची चौथी पिढी रिअ‍ॅक्टिव्ह असेल, तर त्यात भांडण नाही. रॅपिडला दिसण्याआधीचा तो काळ आहे. उलट, ९५व्या दिवशी तीच दोन उत्तरं आली असतील, तर चौथ्या पिढीचा निकाल खोटा असण्याची शक्यता बरीच वाढते. निकाल तेच, दिवस वेगळा, अर्थ वेगळा.

एकट्या ‘रिअ‍ॅक्टिव्ह’चं वजन किती

‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे. किटने काहीतरी पकडलं, आता खात्री करायची आहे, एवढाच त्याचा अर्थ. हिशोब करून पाहा. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. कुठलीही खास जोखीम नसलेल्या १०,००० जणांची तपासणी केली तर त्यात संसर्ग असलेले २० जण असतील. संसर्ग नसलेल्या १,००० जणांत ५ वेळा चुकून रिअ‍ॅक्टिव्ह दाखवणारी तपासणी धरली, तर उरलेल्या ९,९८० जणांतून जवळपास ५० चुकीचे रिअ‍ॅक्टिव्ह येतील. म्हणजे ७० रिअ‍ॅक्टिव्हपैकी ५० खोटे, आणि तेही चांगल्या तपासणीत. म्हणूनच तालीम मंडळाच्या रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून ‘येऊन भेटा’ असा फोन आला किंवा ऑपरेशनआधीच्या तपासणीत रिअ‍ॅक्टिव्ह आलं, तर त्या एका निकालावर कोणताही निर्णय घ्यायचा नाही. ज्याचा खरोखर जोखमीचा प्रसंग झाला आहे त्याच्यासाठी हे गणित बदलतं, खरा असण्याची शक्यता वाढते. पण खात्री केल्याशिवाय शिक्का नाही, हा नियम त्यालाही लागू आहे.

चुकीचा रिअ‍ॅक्टिव्ह येतो कारण रक्तात दुसऱ्याच कारणाने तयार झालेल्या अँटिबॉडी किटवरच्या प्रथिनाला चिकटतात. नुकताच झालेला दुसरा संसर्ग, नुकतीच घेतलेली लस, गर्भारपण, ल्युपससारखे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारे) आजार ही नेहमीची कारणं. मघाच्या नोंदी त्यासाठीच. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. काही मशीनच्या तपासण्यांवर त्याचा परिणाम होतो. आणि नमुन्यांची अदलाबदल किंवा नावाचं लेबल चुकणं हेही कुठल्याही लॅबमध्ये घडू शकतं. म्हणून खात्रीची तपासणी नेहमी नव्याने काढलेल्या रक्तावर मागा.

क्लियाचा आकडा कसा वाचायचा

क्लिया ही मशीनवर होणारी तपासणी. तिच्या रिपोर्टवर इंडेक्स किंवा एस बाय सीओ असा आकडा असतो. १ च्या वर म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह. खोटे रिअ‍ॅक्टिव्ह बहुतेक वेळा १ ते ५ च्या आसपास रेंगाळतात, तर मुरलेल्या संसर्गात आकडा दहापटीत, शेकड्यात जातो. पण ‘१.८ आहे, म्हणजे काही नाही’ असं स्वतःच ठरवून मोकळं होऊ नका. संसर्गाच्या अगदी सुरुवातीला खरा आकडाही लहानच असतो.

इथे एक उदाहरण बारकाईने पाहू. प्रसंगानंतर २०वा दिवस. क्लिया चौथी पिढी १.८. त्याच दिवशीचं रॅपिड कार्ड निगेटिव्ह. दोन शक्यता उरतात: खोटा रिअ‍ॅक्टिव्ह, किंवा नुकताच सुरू झालेला संसर्ग. दोन्हींत फरक करतो तो आरएनए पीसीआर. मशीनला पी२४ दिसण्याइतका विषाणू रक्तात असेल, तर त्या वेळी आरएनएच्या प्रती एका मिलीलीटरमध्ये हजारोंनी, बऱ्याचदा लाखोंनी असतात. पीसीआरला त्या न दिसणं जवळपास अशक्य आहे. तेव्हा पीसीआर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आली आणि पेपची गोळी चालू नसेल, तर १.८ हा बहुधा खोटा. मग त्याच लॅबमध्ये, त्याच मशीनवर दोन आठवड्यांनी परत क्लिया करा. खरा संसर्ग असेल तर आकडा झपाट्याने वर जातो. खोटा असेल तर १.७, १.९ असा जागच्या जागी राहतो किंवा खाली येतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. एकीकडचा १.८ आणि दुसरीकडचा ४ यांचं नातं काहीच नसतं. ४५ दिवस झाल्यावरची निगेटिव्ह मिळाली की हा प्रश्न मिटला.

पीसीआरच्या बाबतीतही एक खाच आहे. २० किंवा ५० प्रती असा अगदी बारीक आकडा, आणि बाकी सगळं निगेटिव्ह, असं आलं तर लॅबमध्ये दुसऱ्या नमुन्याचा अंश मिसळलेला असू शकतो. औषध न घेणाऱ्या माणसाच्या ताज्या संसर्गात आकडा इतका छोटा क्वचितच असतो. नव्या नमुन्यावर परत करायला सांगा.

उलटं कोडंही येतं: अँटिबॉडी सगळीकडे ठाम रिअ‍ॅक्टिव्ह आणि पीसीआर निगेटिव्ह. इथे ‘पीसीआर भारी तपासणी, म्हणजे मी सुटलो’ असा अर्थ लोक काढतात, आणि ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. एचआयव्हीची औषधं आधीपासून चालू असतील तर पीसीआर निगेटिव्हच येते. फार थोड्या लोकांचं शरीर औषधाशिवाय विषाणू दाबून ठेवतं. आणि एचआयव्ही-२ असेल तर एचआयव्ही-१ साठी बनवलेल्या पीसीआरला तो दिसतच नाही. एचआयव्ही-२ आपल्या पश्चिम भारतात आढळतो, त्यामुळे रिपोर्टवर ‘२’ ची रेघ किंवा ठिपका उमटला असेल तर तो दुर्लक्षून चालणार नाही. १ आणि २ दोन्ही उमटले तर बऱ्याचदा एकाच विषाणूच्या अँटिबॉडी दोन्हीकडे चिकटलेल्या असतात. ते वेगळं करण्यासाठी नमुना संदर्भ प्रयोगशाळेत पाठवतात.

कुणी वेस्टर्न ब्लॉट नावाची जुनी खात्रीची तपासणी सुचवली, तर प्रसंग ताजा असताना ती करू नका. ती फक्त अँटिबॉडी पाहते आणि चौथ्या पिढीपेक्षा उशिरा जागी होते, त्यामुळे सुरुवातीला ‘इंडिटरमिनेट’, म्हणजे अनिश्चित, येऊन गोंधळ वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच तिचा वापर सोडून द्यायला सांगितलं आहे.

रॅपिड कार्डवर काय बिघडतं

बोटभर लांबीचं पांढरं कार्ड, मध्ये एक छोटी खिडकी, बाजूला सी, १ आणि २ अशी अक्षरं. सी ची रेघ उमटलीच पाहिजे. ती नसेल तर तपासणी रद्द, मग बाकी काहीही दिसो. वेळेच्या आत १ किंवा २ समोर फिकट गुलाबी रेघ आली, अगदी कार्ड उजेडाकडे धरून दिसेल इतकी फिकट असली, तरी ती रिअ‍ॅक्टिव्ह मानायची. पण वाचायची वेळ ठरलेली असते, बऱ्याच किटमध्ये १५ ते २० मिनिटं. त्यानंतर कार्ड वाळताना उमटलेली रेघ धरायची नाही. घरी आणलेलं कार्ड दोन तासांनी परत पाहून घाबरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

खोटा निगेटिव्ह येण्याची कारणं साधी असतात: ड्रॉपरमध्ये रक्त पुरेसं भरलं नाही, एका किटचं बफर दुसऱ्या किटला वापरलं, पाकीट आधीच फोडून ठेवलं, किंवा किट गरम जागी राहिलं. बहुतेक किट २ ते ३० अंशांत ठेवायची असतात. एप्रिल-मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत किंवा पत्र्याखालच्या दुकानात पडून राहिलेलं किट या हद्दीबाहेर जातं. म्हणून ऑनलाइन मागवलेल्या किटवर शेवटचा निर्णय सोडू नका, हे आमचं स्पष्ट मत आहे.

आणि एकच किट तीनदा वापरणं म्हणजे तीन तपासण्या नव्हेत. ज्या प्रथिनामुळे पहिल्यांदा चूक झाली, त्याच प्रथिनामुळे तिन्ही वेळा तीच चूक होईल.

खात्री कुठे आणि कशी

त्यासाठी आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. कोल्हापुरात ते सीपीआरमध्ये आहे. तालुक्याच्या माणसाला दर वेळी शहरात यायची गरज नाही. जवळच्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा. तपासणी मोफत असते, आणि खासगी लॅबपेक्षा ती कमी दर्जाची असा समज मनातून काढून टाका. विरोधी रिपोर्टांचा निकाल लावण्यासाठी तर हीच योग्य जागा, कारण इथे वेगवेगळ्या प्रथिनांवर किंवा तत्त्वांवर चालणारी तीन किट ठरलेल्या क्रमाने वापरतात.

पहिलं किट नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, तर निकाल निगेटिव्ह. पहिलं रिअ‍ॅक्टिव्ह आलं तर दुसरं आणि तिसरं करतात. तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह, तरच पॉझिटिव्ह. पहिलं रिअ‍ॅक्टिव्ह आणि पुढची दोन्ही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, तर निगेटिव्ह. पुढच्या दोनपैकी एकच रिअ‍ॅक्टिव्ह आलं तर ‘अनिश्चित’, आणि दोन ते चार आठवड्यांनी नवं रक्त घेऊन परत तपासणी. तेव्हाही उत्तर लागलं नाही तर नमुना वरच्या प्रयोगशाळेत जातो. पुण्याजवळ भोसरीची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था, जी सगळे ‘नारी’ म्हणून ओळखतात, ती अशा कामासाठी आहे.

केंद्रात समुपदेशकाला तुमचा तारखांचा कागद आणि सगळे जुने रिपोर्ट दाखवा. ‘आधी कुठे केली होती का?’ या प्रश्नाला लाजेने ‘नाही’ म्हणालात, तर ‘निगेटिव्ह’ हातात पडेल आणि विंडो पिरियडचा, म्हणजे संसर्ग असूनही तपासणीत न दिसण्याच्या काळाचा, विचारच होणार नाही. प्रसंग अलीकडचा असेल तर ‘परत कधी यायचं’ ती तारीख लिहून घ्या. ओळखीचं कुणी भेटेल या भीतीने लोक सांगलीला किंवा बेळगावला जातात. गेलात तरी चालेल, पण मग पुढची तपासणीही तिथेच करा, म्हणजे तुलना सरळ राहील.

रक्तदानाच्या निमित्ताने फुकट तपासणी होईल असा विचार कधीही करू नका. विंडो पिरियडमधलं रक्त रक्तपेढीच्या तपासणीतूनही सुटू शकतं आणि ते कुणाच्या तरी अंगात जातं.

वाट पाहण्याच्या दिवसांत

अंतिम निकाल येईपर्यंत प्रत्येक संबंधात निरोध वापरा, रक्तदान नको, रेझर आणि सुया स्वतःपुरत्या ठेवा. जेवणाची भांडी, संडास, मिठी, मुलांना जवळ घेणं यातून काही होत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. स्वतःच्या मनाने पाजणं बंद करू नये आणि विचारल्याशिवाय चालूही ठेवू नये.

ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, गाठी सुजणं हे दोन ते चार आठवड्यांत दिसू शकतं. पण पावसाळ्यात आपल्याकडे डेंगीही असाच येतो. लक्षणांवरून एचआयव्ही आहे की नाही हे ठरत नाही. ताप आला तर डॉक्टरांना जोखमीचा प्रसंगही सांगा, म्हणजे ते डेंगीसोबत पीसीआर किंवा चौथ्या पिढीचा विचार करतील. याच फेरीत सिफिलिस, हेपॅटायटिस बी आणि सी तपासून घ्या. हेपॅटायटिस सी चा संसर्ग एकाच वेळी झाला असेल, तर क्वचित एचआयव्हीच्या अँटिबॉडी उशिरा येतात आणि तपासणी सहा महिन्यांपर्यंत न्यावी लागते.

पेप घेणाऱ्यांचं कॅलेंडर वेगळं असतं. गोळ्या २८ दिवस, रोज, न चुकता. त्या विषाणूला दाबतात, त्यामुळे अँटिबॉडी उशिरा उमटू शकतात आणि पीसीआरही निगेटिव्ह दिसू शकते. म्हणून ४५ किंवा ९० दिवस प्रसंगापासून न मोजता शेवटच्या गोळीपासून मोजा. राष्ट्रीय सूचनांप्रमाणे तपासणी सुरुवातीला, ६ आठवड्यांनी, ३ महिन्यांनी आणि ६ महिन्यांनी करतात. कितीही निर्धास्त वाटलं तरी शेवटची चुकवू नका. गोळीत डोल्युटेग्राव्हिर असेल तर अ‍ॅसिडिटीचं औषध गोळीनंतर किमान २ तासांनी किंवा गोळीच्या ६ तास आधी घ्या, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दलही विचारून घ्या. पेप चालू असताना मधलाच एखादा रिपोर्ट रिअ‍ॅक्टिव्ह आला तर गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तिन्ही किट रिअ‍ॅक्टिव्ह येऊन निकाल पॉझिटिव्ह ठरला, तर सीपीआरच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांच्या केंद्रात, नाव नोंदवा. उपचार मोफत आहेत, आणि २०१७ पासून सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो, लगेच सुरू करतात. उपचार सुरू होण्याआधी नव्या रक्तावर एकदा फेरतपासणी झाली आहे ना, हे विचारा. एकदा औषधं सुरू झाली की नंतरचे रिपोर्ट वाचणं अवघड होतं. नियमित औषधांनी विषाणू दबून राहिला तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही.

२०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल नातेवाइकाला किंवा मालकाला परस्पर सांगता येत नाही, आणि निकालावरून नोकरी किंवा उपचार नाकारता येत नाहीत. खासगी लॅबने रिपोर्ट घरच्या कुणाच्या नंबरवर पाठवू नये म्हणून रक्त देतानाच स्वतःचा नंबर लिहून द्या आणि ‘रिपोर्ट फक्त माझ्याच हातात’ असं सांगा. केंद्रात जाण्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर १०९७ हा टोल-फ्री क्रमांक आहे. बोलताना तारखांचा कागद समोर ठेवा.